निवृत्तीनंतर परदेशी राहायला जायचंय? मग माणसं आधी शोधा

परदेशी स्थायिक होण्याबद्दलचे सल्ले ऐकले की माझं डोकं फिरतं. ‘निवृत्तांसाठी दहा स्वस्त देश’, ‘समुद्रकाठी निवांत आयुष्य’, ‘घर लगेच घेऊन टाका, भाव चढतायत’. हे सांगणाऱ्यांपैकी निम्मे उंटावरून शेळ्या हाकणारे असतात, आणि उरलेल्यांना तुम्हाला काहीतरी विकायचं असतं. मी स्वतः देश बदललेत, ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांचे अर्ज, भाडेकरार आणि सामानही निस्तरलंय. गाशा गुंडाळून परतलेले जे जे मी पाहिले, त्यांत व्हिसापायी परतलेले थोडेच. बाकीच्यांना तिथे कोणी आपलंसं मिळालंच नाही. म्हणून व्हिसा, पैसे, सामान इथे भराभर उरकते आणि घोडं जिथे पेंड खातं तिथे थांबते. पासपोर्टची मुदत आणि दातांची तपासणी वगैरे मी सांगायला नको.

देश ठरवताना हवामानाआधी व्हिसाच्या अटी वाचा

प्रत्येक देशाला तुमच्याकडून वेगळं काहीतरी हवं असतं. पनामाच्या ‘पेन्शनाडो’ योजनेला दरमहा किमान १००० डॉलरचं, तेही आजन्म मिळणारं पेन्शन लागतं. बँकेत गडगंज ठेवी असल्या तरी या योजनेत त्या चालत नाहीत. थायलंडला वयाची पन्नाशी आणि बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न लागतं. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा आणि री-एन्ट्री परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वास्तव्याला मिळालेली मुदतवाढ तिथेच रद्द. स्पेनच्या बिगर-कमाई व्हिसाला ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं आणि तिथे काम करायला मनाई असते. ‘अधूनमधून थोडं सल्लागाराचं काम करीन’ असा बेत असेल तर हा व्हिसा तुमचा नव्हे.

करसवलतीवर भाळून देश निवडू नका. पोर्तुगालची गाजलेली सवलत २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाली. मलेशियाने २०२१ मध्ये आपल्या दीर्घ वास्तव्याच्या योजनेतली मासिक उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून थेट ४०,००० वर नेली आणि पुढे सगळी रचनाच पुन्हा बदलली. सवलत गेली तरी जिथे राहावंसं वाटेल, तोच देश धरा.

कागद

वेळखाऊ कागद आधी आणि लवकर शिळे होणारे शेवटी, एवढा एकच नियम. पोलिसांचा दाखला बहुतेक ठिकाणी काही महिन्यांतच बाद धरला जातो, तो सगळ्यांत शेवटी काढा. जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर १९६१ च्या हेग कराराप्रमाणे दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का, म्हणजे अ‍ॅपोस्टिल लागतो. देश त्या करारात नसेल तर वकिलातीचे शिक्के. भाषांतर अ‍ॅपोस्टिल झाल्यावर करून घ्या, कारण शिक्क्याचंही भाषांतर मागतात.

पैसे

पेन्शन तिथे पोचतं का आणि पोचल्यावर वाढतं का, दोन्ही विचारा. ब्रिटनचं सरकारी पेन्शन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना जागच्या जागी गोठतं, दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेरच्या उपचारांना जवळजवळ कधीच लागू होत नाही. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की बहुतेक देश तुम्हाला करदाते मानतात, तेव्हा दोन्हीकडचे करार जाणणारा माणूस एकदा पैसे मोजून गाठाच. हयातीचा दाखला कुठे आणि कसा द्यायचा ते निघण्याआधी लिहून ठेवा. आणि जुना मोबाइल नंबर कृपा करून बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, आणि नंबर बदलायलासुद्धा ओटीपीच लागतो.

आधी वाईट ऋतूत राहून पाहा

लोक चांगल्या ऋतूत पंधरा दिवस राहतात आणि आयुष्याचा निर्णय घेतात. थायलंडच्या च्यांग माईला डिसेंबरात गेलात तर स्वर्ग वाटेल, पण फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि जंगलं जळत असतात तेव्हा समोरचा डोंगर दिसत नाही आणि दमेकऱ्यांना गाव सोडावं लागतं. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यात घर स्वस्तात मिळतं. मात्र ती घरं बाहेरच्यापेक्षा आत गार, कपाटामागे बुरशी, आणि उन्हाळा आला की घरमालक पर्यटकांना आठवड्याच्या दराने देण्यासाठी तुम्हाला बाहेर काढणार. तेव्हा सगळ्यांत नकोशा महिन्यात जाऊन राहा, हॉटेलात नव्हे तर भाड्याच्या घरात. पहिलं वर्ष घर विकत घ्यायचं नाही. यावर मी वाद घालत नाही.

आता माणसं

या टप्प्याने मलाही घाम फोडला होता. कागदांची यादी तरी असते, माणसांची कुठून आणणार?

सुरुवात त्या चाचणीच्या मुक्कामातच करायची, सामान हलवल्यावर नाही. तिथे आधीपासून राहणाऱ्या परदेशी मंडळींना गाठा, पण सगळे सारखे नसतात. येऊन वर्षही न झालेल्याला सगळंच गोड लागतं. वर्षानुवर्षं मुरलेल्याला आपले अडथळे आठवतच नाहीत. मी नेहमी दोन प्रकारचे लोक शोधते. एक, येऊन तीन-चार वर्षं झालेले, म्हणजे पहिली नवलाई ओसरून एखादं नूतनीकरण आणि एखादं दुखणं पार पडलेले. दुसरे, घर विकून परत निघालेले. या दुसऱ्यांना कोणी भेटत नाही, पण कामाचं तेच सांगतात. घर विक्रीला काढलं असेल तर गिऱ्हाइकासमोर ते अळीमिळी गुपचिळी करणार हे उघड आहे, म्हणून ‘घर बघायला आलो नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

प्रश्नही नीट विचारा. ‘इथे कसं वाटतं?’ याला ‘छान!’ याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी विचारा: गेल्या खेपेला कुठल्या कागदावर अडलात? रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा गाडी कोणी काढली? घरभाडं या महिन्यात किती दिलंत? शेजाऱ्याचं नाव काय? शेवटच्या प्रश्नावर माणूस अडखळला तर तो त्या देशात राहत नाही, फक्त तिथल्या हवेत राहतो.

एकदा राहायला गेलात की सगळे सुचवतात ती मोठी मासिक स्नेहसंमेलनं. इंटरनेशन्ससारख्या परदेशस्थांच्या जाळ्यांचे बऱ्याच मोठ्या शहरांत असे मेळावे होतात. जाऊ नका असं म्हणत नाही, पण तिथे मैत्री होते हा भ्रम आहे. छातीवर नावाची चिकटपट्टी, हातात ग्लास, संगीत इतकं मोठं की समोरच्याचं अर्धंच ऐकू येतं. कुठून आलात, कधी आलात, कुठल्या भागात राहता. तिसरं उत्तर देता देता समोरच्याची नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे जाते. महिन्याने पुन्हा जाता तर निम्मी तोंडं नवी आणि प्रश्न तेच. उत्साही माणसंही तीन-चार खेपांत कंटाळतात आणि ‘इथे लोक कोरडे आहेत’ असा निकाल देऊन घरी बसतात. लोकांचा दोष नसतो. एका संध्याकाळीत कोणाशीच ओळख मुरत नाही.

मुरते ती दर आठवड्याला त्याच वारी, त्याच जागी, हाताला काहीतरी काम असताना. म्हणून मासिक नको, साप्ताहिक शोधा. हॅश हाउस हॅरिअर्स हा चालण्या-पळण्याचा खेळकर प्रकार १९३८ साली क्वालालंपूरमध्ये परदेशस्थ ब्रिटिशांनीच सुरू केला. आज जगभरातल्या शहरांत त्याचे गट आहेत आणि नवख्याला त्यात लगेच ओढून घेतात. मद्यपान चालतं, ते नको असेल तर आधीच बघून घ्या. शनिवारी सकाळची पार्करन लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झाली, आता बऱ्याच देशांत आहे: पाच किलोमीटर, फुकट, आणि चालत पूर्ण केली तरी कोणी नाक मुरडत नाही. १९७३ मध्ये तुलूझला सुरू झालेल्या ‘तिसऱ्या वयाच्या विद्यापीठा’च्या कल्पनेतून निघालेले गट स्पेनच्या किनाऱ्यावर निवृत्त मंडळी स्वतःच चालवतात. कोणी इतिहास शिकवतो, कोणी चित्रकला. मेक्सिकोत चापाला सरोवराकाठी १९५५ पासून परदेशस्थांची संस्था आहे, आता ती आहिहिक गावात असते. ग्रंथालय, वर्ग, बाग, सगळं एका आवारात.

तुमच्या गावात यातलं काहीच नसेल तर भाषेचा वर्ग लावा. तिथे एकाच बाकावर परदेशी भेटतात आणि फळ्यापाशी स्थानिक. भाषेत आधी आकडे, वेळ आणि फोनवरचं बोलणं शिका. समोर माणूस असला की हातवारे चालतात, फोनवर चालत नाहीत.

गट सापडला की नुसते जाऊन बसू नका, काम मागून घ्या. खुर्च्या मांडायचं, हजेरी लिहायचं, पुस्तकं परत घ्यायचं. ज्याच्याकडे खोलीची किल्ली असते त्याच्याशी सगळ्यांना बोलावंच लागतं, आणि तुम्ही एका शनिवारी नाही गेलात तर कोणीतरी फोन करतं. लाजाळू माणसाला याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. निदान तीन महिने वार चुकवायचा नाही. आवडलं नाही तर गट बदला, वार धरून ठेवा.

आता सावधगिरी. परक्या मुलुखात आपल्या भाषेचा माणूस भेटला की जीव सुपाएवढा होतो, आणि नेमकं तेव्हाच खिशाला हात लागतो. घर दाखवणारा, व्हिसा ‘करून देणारा’, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गटातला तो प्रेमळ ‘गुंतवणूक सल्लागार’. पंधरा-वीस वर्षं पैसे अडकणाऱ्या योजना अशाच ओळखीतून विकल्या जातात, आणि पहिल्या काही वर्षांचे हप्ते बरेचसे कमिशनमध्ये जातात. माझा नियम साधा आहे: गटात ओळख झालेल्या कोणाशीही पहिले सहा महिने पैशाचा व्यवहार नाही. सल्ला ऐका, चहा प्या, सही करू नका. सच्चा माणूस सहा महिने थांबतो.

कुरकुऱ्यांचं टेबलही टाळा. प्रत्येक वस्तीत ते असतं, बहुधा सकाळी अकराच्या आतच भरतं, आणि इथले नळजोडणीवाले, इथलं पोस्ट, इथले लोक यांची तिथे रोज उजळणी चालते. माहिती मात्र त्यांच्याकडे भरपूर असते. महिन्यातून एकदा जा, कामाचं विचारा आणि उठा.

जोडप्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. दोघांतला एक बोलका असतो आणि दुसरा त्याच्या जिवावर माणसांत असतो. बोलका आजारी पडला, किंवा गेला, की दुसऱ्याकडे ना ओळखी, ना भाषा, ना बँकेचा पासवर्ड. दोघांनी आठवड्यातून एक वार वेगवेगळ्या गटात घालवायचा. गाडी दोघांना चालवता आली पाहिजे, वीजबिल दोघांना भरता आलं पाहिजे.

आणि परदेशी मित्र निघून जातात, हे गृहीत धरा. कोणाला नातवंडं बोलावतात, कोणाचं आजारपण तिथे झेपत नाही. तुमचा सगळा गोतावळा परदेशी मंडळींचा असेल तर काही वर्षांत तुम्ही पुन्हा शून्यावर येता. म्हणून निदान एक ओळख अशी हवी जी त्याच गावात जन्मलीय आणि तिथून हलणार नाही.

उरलेलं

सामान: वर्षभर न वापरलेलं काहीही नेऊ नका. औषधं: ब्रँडचं नाव नको, मूळ घटकाचं नाव लिहून न्या, आणि तुमची गोळी तिथे कायदेशीर आहे का ते तपासा. जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या औषधांनाही बंदी आहे.

मृत्युपत्राला मात्र वेळ द्या. फ्रान्स, स्पेनसारख्या देशांत मुलांचा वाटा कायद्यानेच ठरलेला असतो. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत ऑगस्ट २०१५ पासून तुम्ही आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू करा असं मृत्युपत्रात लिहू शकता, पण ते स्पष्ट लिहावं लागतं. ते कुठे ठेवलंय आणि घरच्यांपैकी कोणाला कळवायचं, हे एका कागदावर लिहून घराच्या जादा किल्लीसकट त्या न हलणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्या. कागदावर फोन नंबर देशाच्या कोडसकट लिहा.