जुन्या शिलाई मशीनला टेबल हवंय? या चुका टाळा

आजीचं सिंगर माळ्यावरून खाली येतं, तेल घातल्यावर झकास चालायलाही लागतं, आणि मग कळतं की टेबल कधीच भंगारात गेलंय. नुसतं हेड (टेबलाशिवायचं मशीन) पाटावर ठेवून शिवता येत नाही, कारण बेडखालच्या, म्हणजे मशीनच्या सपाट तळाखालच्या दांड्या आणि शटल (खालचा दोरा धरणारा भाग) हलायला मोकळी जागा लागते. मग टेबलाचा शोध सुरू होतो, आणि पैसे वाया जातात ते इथे.

जुन्या मशीनला जुनंच टेबल, हा हट्ट

नक्षीदार बिडाचे पाय आता शिवणाऱ्यांपेक्षा सजावट करणारेच जास्त उचलतात. वर काच टाकली की कॅफेचं टेबल तयार. त्यामुळे भावही शोभेच्या वस्तूचा लागतो. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर जरूर मारा, पण फक्त त्याच्याच भरवशावर राहू नका.

सोपी वाट वेगळी आहे. उषा असो की लुधियानाच्या कारखान्यांतली साधी काळी मशीन, यांतली बरीचशी सिंगरच्या १५ नंबरच्या धर्तीवर बनलेली आहेत. त्यांचा बेड साधारण १४.५ × ७ इंचांचा असतो. सिंगरच्या १५, ६६ आणि २०१ या मोठ्या मॉडेलांचं मापही तेच. म्हणजे शिलाई मशीनच्या दुकानात मिळणारा साधा टॉप (मशीन बसायला खाच असलेली वरची फळी) आणि लोखंडी स्टँड तुमच्या विलायती मशीनलाही बहुधा चालेल. दिसायला तो टेलरच्या दुकानातला वाटेल, वाटू दे.

माप न घेता सौदा

वरच्या वाक्यातला ‘बहुधा’ विसरू नका. सिंगर ९९ किंवा २८ ही लहान मशीन असतात, बेड सुमारे १२ × ६.५ इंच. मोठ्या खाचेत ती सरळ खाली जातील. जर्मन मशीनची मापं आणखी वेगळी निघू शकतात.

म्हणून घराबाहेर पडण्याआधी बेडची रूपरेषा पुठ्ठ्यावर काढा, कोपऱ्यांच्या गोलाईसकट कापा आणि मागच्या दोन बिजागऱ्यांच्या भोकांमधलं अंतर त्यावर नोंदवा. पिशवीत पुठ्ठा असला की दुकानदाराच्या “बसतंय हो, सगळ्यांना बसतं” ला उत्तर द्यायची गरज उरत नाही.

मशीन टेबलात मुडपून ठेवायचं असेल तर आणखी एक माप घ्या, हे हमखास राहतं. हेड मुडपताना बेडची पुढची कड खाली जाते आणि वरचा हात पुढे आडवा होतो. त्यामुळे खोलीबरोबर पुढे-मागेही मशीनच्या उंचीइतकी जागा लागते. मागे मोटर असेल तर तिलाही जागा द्या. हातमशीन असेल तर हँडलचा पूर्ण फेरा मारून बघा, सपाट टॉपवर ते खाली आपटू शकतं.

सुताराला ‘नेहमीसारखं टेबल’ सांगणं

बनवून घ्यायचं ठरवलं तर लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम, ते पुरेसं वाळलेलं असतं. फक्त भोकं आणि खाली पडलेला बारीक भुसा बघून घ्या, कीड घरात आणायची नाही. बजेट कमी असेल तर १८ किंवा १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय चालतो. पार्टिकल बोर्ड मात्र अजिबात नको. हेड दहा किलोंच्या वर भरतं, ते रोज उचलायचं-पाडायचं म्हटल्यावर त्या बोर्डात स्क्रू टिकत नाहीत, आणि पावसाळ्यात कडा फुगतात ते वेगळंच.

प्लायमध्येही बिजागरीचे स्क्रू कडेला मारू देऊ नका, थर सुटतात. मागच्या कडेला सागवानाची पट्टी लावून त्यात स्क्रू घ्यायला सांगा. बिजागरी खाचेत इतकी बसली पाहिजे की बेड आणि टॉप एका पातळीत येतील. बेड वर राहिला तर कापड अडतं. पुढच्या कोपऱ्यांखाली रबराचे किंवा फेल्टचे तुकडे टाका, खडखड बरीच कमी होते.

बसवल्यावर हेड कलतं, डुगडुगतं?

बिजागरीच्या पिना बेडच्या मागच्या भोकांत जातात आणि खालून एकेका स्क्रूने आवळल्या जातात. ते स्क्रू ढिले असताना मशीन मागे कलवलं तर ते पिनांवरून निसटू शकतं. बीड वाकत नाही, तडकतं, आणि खाली बोट असेल तर त्याचंही काही खरं नाही. आधी स्क्रू तपासा, मग तेल घालायला कलवा.

पूर्ण टेबलच डुलत असेल तर दोष कदाचित शहाबादी फरशीचा असेल. स्टँड फूटभर सरकवून बघा, सुताराला बोलावण्याआधी.

पायमशीन जड जातंय किंवा पट्टा घसरतोय? नवा कातडी पट्टा काही दिवसांत ताणतो, थोडा कापून क्लिप पुन्हा लावा. पण फार आवळलात तर पाय भरून येतील. टॉपमधली पट्ट्याची भोकं चाकाच्या सरळ रेषेत नसतील तर पट्टा लाकडाला घासून विरतो, तिथे भोक मोठं करण्यावाचून उपाय नाही. चाक मात्र नेहमी आपल्या दिशेने फिरलं पाहिजे.

पॉलिशचं फडकं मशीनवर

टेबलाला लाखेचं पॉलिश सुरू असताना हेड दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, आणि जुन्या सिंगरच्या सोनेरी नक्षीवरचा थरही लाखेचाच असतो. उत्साहाच्या भरात कारागिराने तेच फडकं मशीनवर फिरवलं की सोनेरी वेल चंदेरी होते किंवा पुसलीच जाते. थिनरचं तर नावही नको. मशीनसाठी शिलाई मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड पुरे.

मोटरवालं मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर पाटीवर व्होल्टेज वाचा. तिथल्या मोटरी ११० व्होल्टच्या असतात, आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावल्या तर जळतात. जुनी वायर कडक होऊन तडकली असेल तर टॉपला वायरीचं भोक पाडण्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून ती बदलून अर्थिंगसह थ्री-पिन प्लग बसवून घ्या, कारण अंग सगळं लोखंडाचं आहे.