'कोयता' शब्दाचे मूळ कसे शोधावे

हत्याराच्या नावाचे मूळ शोधायचे असल्यास शब्दकोश उघडण्याआधी ते हत्यार चालताना पाहावे. वाळवा किंवा कराड तालुक्यात गळीत हंगामात उसाच्या फडाशी तासभर थांबले, तरी पुरते. कोयत्याचे पाते वाकडे असते; बुडख्यात साखर अधिक असल्यामुळे त्याने ऊस जमिनीलगत तोडतात आणि त्यानेच शेंड्याचे वाढे छाटतात. खाटकाचा सत्तूर मात्र रुंद, जड, सरळ धारेचा असून ओंडक्यावर हाडासकट मांस तोडतो.

त्यानंतर लोक तो शब्द कसा वापरतात, ते टिपावे. मुकादम 'किती कोयते आले' असे विचारतो, तेव्हा त्याला हत्यारे मोजायची नसतात: एक कोयता म्हणजे तोडणीला आलेले नवरा-बायकोचे जोडपे आणि एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. हा अर्थ वहीत अवश्य नोंदवावा, परंतु तो हत्यारावरून माणसांवर गेलेला असल्यामुळे मूळ शोधताना बाजूला ठेवावा.

खरी कसोटी पुढे आहे. नामाच्या जोडीला त्याच भाषेत क्रियापद आहे का, हे तपासावे. मराठीत 'कापणे' आहे, 'तोडणे' आहे, पण 'कोयणे' रूढ नाही. म्हणजे 'कोयता' येथे एकटाच उभा आहे. जत तालुक्यात कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारले, की त्याचे गणगोत लगेच सापडते. कन्नडमध्ये 'कोय्यु' म्हणजे कापणे आणि 'कोय्लु' म्हणजे पिकाची कापणी. तेलुगूत 'कोयु' म्हणजे कापणे, तर मलयाळममध्ये 'कोय्त्तु' म्हणजे कापणी. ज्या भाषांत धातू, क्रिया आणि नाम असे सारे कुटुंब नांदते, त्या द्राविडी भाषांकडून मराठीने हा शब्द घेतला, असे मानणे मला सर्वांत सयुक्तिक वाटते.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये. आंब्याची कोय आणि दाराचा कोयंडा कानाला जवळचे वाटतात, पण कापण्याशी त्यांचा संबंध नाही. 'सत्तूर' आणि 'सातारा' यांचेही तसेच (ही जोड कोणी तरी हमखास सुचवतो). सत्तुराचे मूळ अरबी 'सातूर' म्हणजे खाटकाचा जड सुरा हे आहे.

कोश शेवटी उघडावेत: मराठीसाठी मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती, कन्नडसाठी किटेलचा १८९४चा कोश. कन्नड नोंद पाहताना केवळ 'कोयता'सारखे नाम न शोधता 'कोय्' या धातूखालील सर्व रूपे वाचावीत.