वास्प वैमानिकांचे कायदे कसे शोधावेत, कसे वाचावेत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लष्करी विमानं चालवणाऱ्या स्त्रियांच्या 'वास्प' दलावर एकच कायदा नाही, तीन आहेत. सुरुवात सोप्यापासून, म्हणजे या दलाला सुवर्णपदक देणाऱ्या कायद्यापासून करा. काँग्रेस डॉट गव्ह या अमेरिकी संसदेच्या संकेतस्थळावर १११वी काँग्रेस (संसदेची दोन वर्षांची मुदत) निवडा आणि सिनेटचं विधेयक क्र. ६१४ उघडा. काँग्रेसचा क्रमांक टाळू नका: विधेयकांचे आकडे दर दोन वर्षांनी पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे नुसतं '६१४' शोधलंत तर भलतंच काहीतरी हाती लागेल. मग 'टेक्स्ट'मध्ये जाऊन 'पब्लिक लॉ' ही संमत कायद्याची आवृत्ती घ्या. सुरुवातीचा मसुदा अंतिम मजकूर नव्हे. कायदा क्र. १११-४०, सही १ जुलै २००९. आधी 'फाइंडिंग्ज' (कायद्यामागची पार्श्वभूमी मांडणारा भाग) वाचा, इतिहास तिथेच आहे. सुवर्णपदक मात्र संपूर्ण दलाला मिळून एकच, तेही स्मिथसोनियन या अमेरिकेच्या संग्रहालय-संस्थेकडे.

या कायद्यात निवृत्तिवेतन शोधू नका. पदक म्हणजे मान, हक्क नव्हे. माजी सैनिकाच्या दर्जाची वाट १९७७च्या कायद्याने (९५-२०२) मोकळी केली, आणि नेमका तोच नावाने सापडत नाही, कारण ती तरतूद शिक्षणसवलतींच्या कायद्यात चौथ्या भागात, कलम ४०१ म्हणून घुसवलेली आहे. थेट कलम गाठा.

तिसरा, २०१६चा (११४-१५८), आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत अस्थी ठेवण्यापुरता. छोटासाच आहे, पण आदल्याच वर्षी लष्कराने ती परवानगी काढून घेतली होती, हे ठाऊक असेल तरच त्याचं प्रयोजन कळतं.