चकमकीची रायफल किटमधून जोडताय? या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीची, तोंडाकडून दारू भरायची बंदूक चालते. १९७४ पासून ही प्रथा आहे. लांब नळीची ही रायफल अठराव्या शतकात तिथल्याच जर्मन कारागिरांच्या हातून घडली, त्यामुळे किट आणून ती घरी जोडणाऱ्यांची तिकडे कमी नाही. त्यांची तक्रार मात्र ठरलेली: रंजक, म्हणजे नळीबाहेरच्या वाटीतली पेट देणारी दारू, भडकतं, बार उडत नाही. शिव्या खातो तो चकमकीचा दगड. दोष बहुतेक वेळा दगडात नसतो, कामाच्या टेबलावरच शिरलेला असतो.

लॉक बसवताना घाई

किटमधला दस्ता (बंदुकीचा लाकडी भाग) बराचसा कोरून येतो, उरलेलं काम तुमचं. लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या बाजूला काजळी लावा, लाकडात दाबा, काढा. काळा डाग उमटेल तेवढंच खरवडा. पुन्हा दाबा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे एकदम खोल कोरलं तर लाकूड परत येत नाही. कमी कोरलं तर मुख्य स्प्रिंग किंवा सिअर (ताणलेला घोडा अडवून धरणारा खटका) लाकडाला घासते. लक्षण अगदी स्पष्ट असतं: हातात धरलेल्या लॉकचा घोडा (दगड धरणारा भाग) झपकन पडतो, दस्त्यात बसवून स्क्रू आवळला की तोच घोडा आळसावतो. स्क्रू किंचित सैल करून बघा. फरक पडला तर लाकूड नडतंय.

घोडा अर्धा ओढून ठेवल्यावर तिथे टिकत नसेल तर आधी चाप सिअरला सतत टेकलेला नाही ना, ते पाहा. चापात किंचित ढिलाई हवीच. तरीही टिकत नसेल तर ती बंदूक भरू नका आणि सिअरच्या टोकावर स्वतः कानसही चालवू नका. लॉक जाणकाराकडे द्या.

नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या पिनांची भोकं नळीखालच्या कड्यांत थोडी लांबट करावी लागतात. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. ही गोष्ट अनेक जण सोडून देतात आणि मग दस्त्याला तडा गेला की किटवाल्याला दोष देतात.

कान आणि रंजक

नळीच्या बाजूला जो कान असतो, म्हणजे रंजकाची आग आत नेणारं छिद्र, तो साधारण रंजकाच्या वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीत हवा. खाली गेला तर तो रंजकाखाली गाडला जातो आणि दारू वातीसारखी जळत आत जाते. फुस्स... आणि मग धडाम. या मधल्या क्षणात नेम हलतो. वाटी काठोकाठ भरली तरी हेच होतं. जास्त रंजक म्हणजे खात्रीचा बार, हा समज डोक्यातून काढा. अर्ध्याहून कमी वाटी पुरते. कान सुमारे १/१६ इंचाचा असतो. बार चुकला म्हणून तो मोठा करण्याचा मोह टाळा, आधी पिन घालून साफ करा.

ठिणग्या तपासायच्या तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, दारूपासून दूर, अंधाऱ्या खोलीत घोडा पाडून पाहा. ठिणग्या वाटीत पडायला हव्यात. नसतील तर दगडाची धार फ्रिझनला (दगड ज्यावर आपटतो त्या पोलादी पट्टीला) पूर्ण रुंदीभर टेकते का आणि फ्रिझनवर तेल नाही ना, ते बघा. सगळं ठीक असूनही फ्रिझनवर खोल ओरखडेच उठत असतील तर पोलाद मऊ आहे, त्याला पुन्हा पाणी द्यावं लागेल.

भरताना

५० कॅलिबरपर्यंत नळीत तीन एफची (बारीक दाण्यांची) आणि वाटीत चार एफची (त्याहून बारीक) काळी दारू, ही सर्वसाधारण रीत. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीवर ती रुसते. धूररहित दारू मात्र कधीही नाही, चिमूटभरसुद्धा नाही. नळी फुटते.

दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत ओतू नका. आत विस्तव उरला असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल. नेहमी मापाने मोजून ओता. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासा. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून पहिल्याच दिवशी ठासायच्या गजावर दोन खुणा करा, रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची एक. बार उडाला नाही तर किमान मिनिटभर नळीचं तोंड निशाण्याकडेच ठेवा.

नेम पसरतोय? गोळीभोवती गुंडाळलेलं, बारानंतर समोर पडलेलं कापड उचलून पाहा. मधोमध जळालं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. कापल्यासारखं फाटलं असेल तर नव्या नळीच्या पेचांच्या (आतल्या पीळदार खाचांच्या) कडा अजून धारदार आहेत. एवढं न बघता दारूचं माप वाढवत बसणं म्हणजे दारू वाया घालवणं.

भारतातल्या वाचकांसाठी: कोकणात पीकसंरक्षणाला ठासणीच्या बंदुका दिसतात, त्या परवान्याच्या असतात. १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे इथे विनापरवाना बंदूक जोडणं हा गुन्हाच आहे. अमेरिकेतही राज्यागणिक नियम बदलतात.

त्याच दिवशी धुवा

काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि नळीला गंज चढतो. साबणाचं पाणी, कोरडं कापड, मग तेलाचा पातळ हात. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसा आणि कानात पिन फिरवा. तिथे राहिलेला तेलाचा थेंब पहिला बार हमखास खातो.