थायरॉइड कमी आहे आणि वजन वाढतंय? सुरुवात गोळीपासून करा

गोळी सुरू होऊनही काटा वर सरकत राहिला की बहुतेक जण आधी जेवण तोडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी गोळी अंगी लागतेय का, ते बघा.

१. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. चहा-कॉफीसुद्धा त्यानंतरच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्या. ही दोन्ही गोळीतल्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पुरेसं उतरू देत नाहीत. सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच घेतल्या तर रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) चढलेला येतो आणि डोस वाढवला जातो, जेव्हा बदलायची असते फक्त वेळ. म्हणून डॉक्टरांकडे जाताना कोणती गोळी किती वाजता घेता, हे कागदावर लिहून न्या.

२. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. त्याआधीचा आकडा फसवा असतो, कारण रक्तातली पातळी हळूहळू स्थिरावते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. त्याने रिपोर्ट चुकू शकतो.

३. थायरॉइडच्या वाट्याला किती वजन येतं, हे समजून घ्या. साधारण २ ते ५ किलो, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. वाढ त्याहून बरीच जास्त असेल तर अपुरी झोप, पीसीओएस (बायकांमधला अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड), स्टेरॉइड किंवा दुसरं एखादं औषध, याबद्दल डॉक्टरांशी बोला.

४. टीएसएच जागेवर आला की मग खाण्याकडे वळा. उपाशी राहू नका. फार कमी खाल्लं की शरीर थायरॉइडचं टी३ हे संप्रेरक आणखी कमी करतं. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. चालणं रोज, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. थकवा असेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा.

५. वजन उतरावं म्हणून डोस मनाने कधीही वाढवू नका. जास्त थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. आधीच धडधड होत असेल, हात थरथरत असतील, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.