वायरलेस माईकला चार्जिंगचे सेल: जत्रेत, नाटकात माईक मधेच बंद पडू नये म्हणून काय करायचं

आपल्या सांगली साताऱ्याकडं साऊंडवाल्यांच्यात एक समज पक्का बसलाय की वायरलेस माईकला चार्जिंगचे सेल चालत नाहीत, ऐन वेळी दगा देतात, त्यामुळं प्रत्येक कार्यक्रमाला अल्कलाईनची, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या सेलची, नवी पाकिटं फोडायची आणि रात्री सामान भरताना अर्धे वापरलेले सेल पिशवीत टाकायचे, ते मग पोरांच्या खेळण्यात नाहीतर भिंतीवरच्या घड्याळात. चार माईक म्हणजे आठ सेल, चैत्र वैशाखात जत्रांचे वीस कार्यक्रम धरले तरी १६० सेल झाले, तुमच्या दुकानातला भाव लावून गुणाकार करा आणि मग पुढं वाचा.

चार्जिंगचे सेल चालतात, मस्त चालतात, फक्त माईकवरच्या बॅटरीच्या लाईटवर भरवसा ठेवून चालवायचे नाहीत, घड्याळावर चालवायचे. बाकी सगळं याच्याच भोवती आहे.

लाईट का फसवतो ते आधी बघू. अल्कलाईन पेन्सिल सेल (एए साईजचा) १.५ व्होल्टला सुरू होतो आणि वापरेल तसा हळूहळू उतरत जातो, खंबाटकी घाट उतरल्यासारखा, कुठवर आलो ते कळत राहतं. चार्जिंगचा निकेल मेटल हायड्राइड सेल म्हणजे पाचगणीचं टेबललँड, चार्जरमधून काढल्यावर थोडा वेळ १.४ च्या आसपास, मग जवळजवळ सगळा वेळ १.२ ते १.२५ वर सपाट चालत राहतो आणि शेवटी एकदम कडा. आता बहुतेक साध्या माईकचा मीटर अल्कलाईनच्या हिशोबानं बसवलेला असतो, त्यामुळं फुल चार्ज केलेला सेल घातला तरी तो एक दांडी कमी दाखवतो, तुम्ही म्हणता सेल खराब आहे, आणि पुढं तीच दांडी तासन् तास हलत नाही, तुम्ही म्हणता अजून बरंच आहे, आणि लाल लाईट लागल्यावर मात्र पळत स्टेजवर जाईपर्यंत माईक गेलेला असतो. सेलनं काहीच दगा दिलेला नसतो राव, तो त्याच्या स्वभावाप्रमाणं वागला.

१.२ व्होल्ट म्हणून आवाज कमी येईल ही भीती पण मनातून काढा. अल्कलाईन सेल सुद्धा वापरात थोड्या वेळानं १.२ वर येतोच आणि तरी माईक चालतो, कारण माईकच्या आत व्होल्टेज एका पातळीवर धरून ठेवणारं सर्किट असतं. काही महागड्या सेटात, म्हणजे शुअर कंपनीचे क्यूएलएक्स-डी, यूएलएक्स-डी वगैरे, मेनूत जाऊन सेलचा प्रकार सांगता येतो, तिथं निकेल मेटल हायड्राइड निवडलं की मीटर बऱ्यापैकी खरं बोलतो. सेट भाड्यानं आणला असेल तर हे सेटिंग आधी बघा, मागच्यानं काय ठेवलंय सांगता येत नाही.

आता सेल कुठला घ्यायचा. डब्यावर लो सेल्फ डिस्चार्ज (म्हणजे पडून राहिला तरी फारसा न उतरणारा) किंवा रेडी टू यूज लिहिलेलं बघा. जुन्या पद्धतीचे चार्जिंग सेल नुसते पडून राहिले तरी आपोआप उतरायचे, सोमवारी चार्ज केलेला सेल पुढच्या आठवड्यात निम्मा राहिलाय का किती ते देवाला माहीत, आणि माझ्या मते या सेलांचं नाव खराब झालंय ते तिथूनच. २००५ ला सॅन्योनं एनेलूप काढला तेव्हापासून ही भानगड मिटली, हे सेल महिनोन् महिने चार्ज धरून ठेवतात. सॅन्यो नंतर पॅनासोनिककडं गेली आणि आता एनेलूप त्यांच्या नावानं येतो, बाकी कंपन्यांचे पण याच जातीचे सेल मिळतात. एमएएच, म्हणजे सेलात किती वीज मावते तो आकडा, बघताना हावरटपणा नको. २००० च्या आसपासचा सेल जास्त वेळा चार्ज होतो आणि जास्त वर्षं टिकतो, २५०० वाला एका चार्जिंगला जास्त चालतो पण त्याचं आयुष्य बरंच कमी. रात्रभर तमाशाचे फड करणाऱ्यांनी २५०० घ्या, नाटक, कीर्तन, लग्नं, सत्कार समारंभवाल्यांना २००० भरपूर झाले.

आणि ज्या पेन्सिल सेलवर ४६०० एमएएच छापलंय तो हातात घेऊन परत ठेवून द्या. या जातीत या साईजमध्ये २८०० च्या वर काही खरं नसतं. शंका आली तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चार सेल एकत्र ठेवा, २००० चे खरे सेल साधारण १०५ ग्रॅम भरतात, २५०० चे १२० च्या आसपास. साठ सत्तर ग्रॅम भरले तर आत काय आहे ते ज्यानं भरलं त्यालाच माहीत.

दोन प्रकार मात्र जपून. एक म्हणजे हल्ली यूएसबी केबल थेट सेललाच लावून चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल. यात आत लिथियम सेल आणि व्होल्टेज खाली आणणारं बारकं सर्किट असतं, म्हणून शेवटपर्यंत १.५ दाखवतात आणि एका क्षणात बंद, मीटर फुल असतानाच. वर ते सर्किट अँटेनाच्या अगदी शेजारी बसून रेडिओत खरखर घालू शकतं, रेंज कमी करू शकतं. सगळेच वाईट नसतात, पण घेतलेच तर मोकळ्या मैदानात माईक घेऊन रिसीव्हरपासून (माईकचा सिग्नल पकडणाऱ्या पेटीपासून) लांब चालत जा, आधी अल्कलाईनवर आणि मग यावर, सिग्नलचा लाईट कुठं तुटतो ते बघा, फरक पडला तर तो सेल टॉर्चला वापरा. दुसरा प्रकार १४५०० नावाचा. दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. दोन घातले की माईकला तीनच्या जागी सात साडेसात व्होल्ट, माईक जळालाच समजा. गाडीतल्या डब्यात असला सेल ठेवायचाच नाही, अंधारात घाईत कोण हात घालेल सांगता येत नाही.

सेलपेक्षा चार्जर महत्त्वाचा, आणि लोक नेमकी इथंच बचत करतात. सेलबरोबर फुकट येणारा चार्जर बऱ्याचदा दोन दोन सेल जोडीनं चार्ज करतो आणि नुसत्या टायमरवर चालतो, त्यात एक सेल जास्त भरतो, एक उपाशी राहतो, आणि माईकमध्ये तो उपाशी सेल जोडीदाराला घेऊन बुडतो. तुम्हाला पाहिजे प्रत्येक खाचेला वेगळा लाईट किंवा वेगळा आकडा दाखवणारा चार्जर, जो प्रत्येक सेल भरला की त्याचा त्याचा बंद होतो. चार्जिंगचा वेग ५०० ते १००० मिलिअँपिअरच्या मधे ठेवा. पंधरा मिनिटात फुल करतो म्हणणारे चार्जर सेल भाजून काढतात, आणि फारच हळू असला तर काही चार्जरला सेल भरल्याचं कळतच नाही. शेवटी सेल कोमट लागला तर चालतं, हातात धरवत नाही इतका तापला तर काहीतरी चुकतंय.

उन्हाचं पण बघा. एप्रिल मे मध्ये पत्र्याच्या शेडात दुपारी चार्जिंग लावलं तर हे सेल नीट भरतच नाहीत, चाळीस अंशाच्या वर बरीचशी वीज उष्णतेतच जाते. रात्री किंवा सकाळी घरी फॅनखाली लावा. जत्रेतल्या जनरेटरवर चार्जर लावायला मला आवडत नाही, व्होल्टेज कसंही उडतं, त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा चार्जर आणि पॉवर बँक बरी पडते. भरलेला डबा गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवायचा नाही हे सांगायला नको, तरी सगळे ठेवतात.

आता मुख्य काम, आपला माईक किती वेळ चालतो ते काढणं. कंपनीनं लिहिलेले तास बहुतेक अल्कलाईनचे असतात, शुअरचा बीएलएक्स हँडमाईक अल्कलाईनवर १४ तासापर्यंत लिहिलाय, पण तुमच्या सेटाचं, तुमच्या सेलचं गणित तुम्हीच काढलेलं बरं. घरी रिसीव्हर चालू ठेवा, माईकमध्ये फुल चार्ज जोडी घाला, समोर रेडिओ लावून द्या आणि मिक्सरमधून मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून आपल्या कामाला जा. आवाज कुठं तुटला ते रेकॉर्डिंगवर मिनिटासकट सापडतं. समजा नऊ तास आले, तर साठ टक्के धरायचे, म्हणजे साडेपाच तासाच्या आत सेल बदलायचा, लाईट काही का दाखवेना. हा आकडा माईकच्या खोक्याच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा येतो, कॉलरमाईकच्या पाऊचचा (कमरेला बांधायच्या डबीचा) आणि हँडमाईकचा सारखा असेलच असं नाही.

मग बदलायचं कधी ते कार्यक्रमाच्या घडीवर बसवायचं. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाटक असेल तर साऊंड चेक कालच्या अर्धवट सेलवर करायचा, आणि भरलेली जोडी पहिल्या घंटेच्या आधी, कलाकार कपडे चढवायच्या आधी घालायची. कॉलरमाईकचा पाऊच एकदा नऊवारीच्या आत कमरेला बांधला की दुसऱ्या घंटेला तुम्ही कुणाला साडी सोडा म्हणणार आहात? अडीच तीन तासाच्या नाटकाला मध्यंतरात हात लावायची गरज नसते, उलट घाईत पाऊच चालू करायचा राहून जातो. तमाशा असेल तर गण गवळण आणि बतावणी एका जोडीवर, वग सुरू व्हायच्या आधी सगळ्या जोड्या एकदम बदलायच्या, ज्याचा माईक कमी वापरलाय त्याची पण. त्याचा वाचवायला गेलात की कुणाचा कधी बदलला हा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो आणि पहाटे तीनला कुणाचं डोकं चालतंय. या सेलला अर्धवट वापरून परत चार्ज केलं तर काही होत नाही, पूर्ण उतरवूनच चार्ज करायची गोष्ट जुन्या निकेल कॅडमियम सेलची होती. बदलताना आधी मिक्सरवर चॅनेल म्यूट, मग माईक बंद, मग सेल. उलटं केलं की स्पीकरमधून ठप्प आवाज येतो आणि अख्खा मांडव तुमच्याकडं बघतो.

जोडी फोडायची नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एक भरलेला आणि एक उतरलेला सेल एकत्र घातले की उतरलेला आधी संपतो, भरलेला त्याच्यातनं करंट ढकलतच राहतो, उतरलेल्याचे प्लस मायनस उलटे होतात आणि तो कायमचा खराब होतो. म्हणून दोन्ही सेलवर पर्मनंट मार्करनं एकच नंबर आणि खरेदीचा महिना वर्ष. १अ १अ, १ब १ब असं. चिकटपट्टी गुंडाळू नका, हे सेल आधीच अंगानं जरा भरलेले असतात, काही माईकच्या नळीत अडकून बसतात आणि मग पकड आणि स्क्रू ड्रायव्हर. प्रत्येक माईकला दोन जोड्या पुरतात, आणि वर एक अल्कलाईनचं न फोडलेलं पाकीट गाडीत असू द्या, त्यात कमीपणा नाही.

ठेवायला खाचांचा प्लास्टिकचा डबा घ्या. भरलेला सेल टोक वर, वापरलेला टोक खाली, म्हणजे अंधारात बोटानं सुद्धा कळतं. खिशात सुट्टे सेल आणि त्यातच किल्ल्या, नाणी असलं करू नका, शॉर्ट होऊन खिसा भाजतो, हे सेल अल्कलाईनपेक्षा जास्त करंट सोडतात.

जुन्या सेटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, तिथं जरा वेगळं आहे. चार्जिंगची नऊ व्होल्ट म्हणून विकतात त्यातली ७.२ वाली माईकला घेऊ नका, ८.४ किंवा ९.६ लिहिलेली घ्या. आणि अल्कलाईन चौकोनी बॅटरीत साधारण ५०० एमएएच असतात तर यात दोनशेच्या आसपास, म्हणजे वेळ निम्म्याच्याही खाली येतो. चाळीस मिलिअँपिअर खाणारा माईक असेल तर कागदावर पाच तास, प्रत्यक्षात तीनच धरा. लग्नाला, भाषणाला ठीक, रात्रभराला नाही. लिथियमच्या चौकोनी बॅटरीत जास्त वेळ मिळतो पण तिथंही वर सांगितलेली खरखरीची टेस्ट करूनच.

स्प्रिंगवर पांढरी पावडर दिसली तर ती फुटलेल्या अल्कलाईनची. कापूस व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पुसा, मग ओल्या कापडानं, मग पूर्ण वाळू द्या. कलाकाराच्या घामानं पण पाऊचचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच पुसले तर पुसतात, महिन्यानं घासावे लागतात.

पावसाळ्यात जत्रा बंद, कामं कमी, तेव्हा सगळे सेल माईकमधून काढायचे, बटण बंद आहे म्हणून आत ठेवायचे नाहीत. एकदा चार्ज करून डब्यात घालून घरातल्या गार कपाटात ठेवा. गणपतीच्या आठवडाभर आधी परत चार्ज करा आणि चार्जरला टेस्टचा मोड असेल तर एकेका सेलचे एमएएच काढून बघा. मूळ आकड्याच्या ऐंशी टक्क्याच्या खाली गेलेली जोडी माईकमधून काढून रिमोटला, टॉर्चला द्या. एखादा सेल चार्जर घेतच नसेल, एरर दाखवत असेल, तर तो पार शून्याला गेलाय. साध्या चार्जरमध्ये पाच दहा मिनिटं ठेवून परत चांगल्या चार्जरला लावला की बऱ्याचदा उठतो, पण उठला तरी तो आणि त्याचा जोडीदार आता स्टेजवर पाठवायचे नाहीत.