अकरावीला भूशास्त्र सुरू करून घ्यायचंय? आधी मुलांची यादी पक्की करा

भूशास्त्र बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या विषययादीत आहे, आपल्याकडच्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत मात्र नाही. साक्री-नंदुरबार पट्ट्यात मी त्यासाठी बरीच वर्षं खेटे घातले आहेत. "निवेदन द्या, आमदारांना भेटा" हा सल्ला मनावर घेऊ नका. निवेदन फाईलला लागतं आणि तिथंच राहतं.

दिवाळीची सुट्टी संपली की कामाला लागा. जूनमध्ये गेलात तर वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.

खरी अडचण मुलांच्या यादीची. पहिल्या वर्षी मी दहावीच्या वर्गात जाऊन ३१ सह्या गोळा केल्या. प्रवेशाच्या वेळी त्यातली सहा मुलं उरली. बाकीच्यांच्या घरी कुणाला काही माहीतच नव्हतं. तेव्हापासून मुलाची एकट्याची सही मी घेत नाही. घरी जायचं, वडिलांशी, आईशी बोलायचं आणि पालकांच्या सहीचं संमतीपत्र घ्यायचं.

घरी गेल्यावर करिअरचं भाषण नको. विहिरीपासून सुरुवात करा. धुळे-नंदुरबारच्या काळ्या खडकातून लाव्हाच्या उभ्या भिंती गेल्या आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत जमिनीखालचं पाणी अडवू शकते. एका घरी दोन भावांच्या विहिरी अशाच भिंतीच्या दोन अंगांना होत्या. थोरल्याची मार्चमध्येच कोरडी, धाकट्याची मेपर्यंत चालायची. मी बांधावर उभं राहून ती भिंत दाखवली. थोरल्यानं खाली बसून खडकावरची माती हातानं झाडली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पोऱ्याले नोकरी भेटी का?"

इथं खोटं बोलू नका. बारावीला भूशास्त्र घेतलं म्हणून नोकरी मिळत नाही. पुढे एम.एस्सी. केली तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेत वाट आहे, केंद्राची भूवैज्ञानिक परीक्षाही आहे. सीईटीला हा विषय नाही, हेही तिथंच सांगा. वैद्यकीयकडे जाणाऱ्याला जीवशास्त्र लागतंच, त्याला गळ घालू नका. गणित घेऊन जीवशास्त्र सोडणारी मुलं शोधा आणि भूशास्त्राचा तास जीवशास्त्राच्याच वेळेला लावायला सांगा. मग प्राचार्यांना नवा तास शोधावा लागत नाही.

शिक्षक म्हणून एम.एस्सी. भूशास्त्र आणि बी.एड. झालेला उमेदवार तुम्हीच शोधून द्या. घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, यायला तयार असलेला मिळतो.

संमतीपत्रं जोडून प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. संस्थेचा ठराव करून घ्या. विषय मान्यतेचा प्रस्ताव नाशिकला शिक्षण उपसंचालक कार्यालयात गेला की आवक क्रमांक लिहून ठेवा आणि दर पंधरवड्याला विचारा.

मान्यतेचं पत्र कॉलेजच्या हातात येईपर्यंत एकाही मुलाला त्याचा आधीचा विषय सोडायला लावू नका.